नव्या क्रीडा प्रशिक्षकांसाठी: संघ शांतपणे आणि सन्मानाने कसा सांभाळावा

पुण्यात खेळाचा सराव बहुतेक ठिकाणी दाटीवाटीतच होतो. सणस मैदानाची धावपट्टी असो, पेठेतल्या एखाद्या शाळेचे पटांगण असो किंवा उपनगरातल्या महापालिकेच्या मैदानाचा कोपरा असो, एकाच वेळी दोन-तीन गट सराव करत असतात, कडेला पालक उभे असतात आणि त्या गलक्यात आपला आवाज ऐकू जावा म्हणून नवा प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात ओरडू लागतो. पुढे ती सवय होते आणि काही वर्षांनी तिलाच 'शिस्त' म्हटले जाते. नुकतेच खेळणे थांबवून शिकवू लागलेले खेळाडू, शाळेत नव्याने रुजू झालेले क्रीडाशिक्षक आणि क्लबच्या कुमार गटाची जबाबदारी अचानक अंगावर आलेले कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः कबड्डीची घेतली आहेत, कारण माझे काम त्या खेळात आहे. मात्र पायऱ्या कोणत्याही सांघिक खेळाला लागू पडतील अशाच ठेवल्या आहेत.

एखादा प्रशिक्षक शांत दिसला की लोक सहज म्हणून जातात, 'त्यांचा स्वभावच तसा आहे.' मला हे फारसे पटत नाही. मैदानावर ज्या प्रसंगी आवाज चढतो त्यांची कारणे शोधली, तर त्यातली बरीचशी सराव सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असतात. मॅट कोणी अंथरायच्या ते ठरलेले नसते, उशिरा येणाऱ्याचे काय करायचे ते ठरलेले नसते, दुसरा तास कशात घालवायचा हे खुद्द प्रशिक्षकालाच ठाऊक नसते, आणि मग सगळा राग समोर दिसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलावर निघतो. शांतपणाचा मोठा भाग असा आधीच्या तयारीतून येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिल्या दिवसाच्या आधी

सरावाची योजना कागदावर लिहावी आणि तो कागद खिशात असावा. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या संघाने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि तरीही ते अखेरपर्यंत प्रत्येक सरावाचा मिनिटवार क्रम छोट्या कार्डावर लिहून मैदानात नेत असत. नव्या माणसाने निदान एवढे तरी करावे. नव्वद मिनिटांचा सराव असेल तर अंग गरम करण्याची पंधरा मिनिटे, कौशल्याचे दोन टप्पे, पाणी पिण्याच्या वेळा, प्रत्यक्ष सामन्याचा भाग आणि शेवटचे ताणाचे व्यायाम, हे सारे वेळेसह लिहावे. शिवाय पाऊस आला किंवा मैदान मिळाले नाही तर काय करायचे याचीही एक ओळ असावी. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात ही ओळ वारंवार उपयोगी पडते.

प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे, जवळचे रुग्णालय कोणते, मुलांच्या पालकांचे क्रमांक कोणाकडे आहेत आणि १०८ ला दूरध्वनी कोणी करायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. घोटा मुरगळून मूल खाली पडते तेव्हा सगळा संघ प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. पुढची कृती ठाऊक असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा घबराट दिसत नाही.

रीतसर प्रशिक्षण घेतलेले नसेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची चौकशी करावी. आपण उत्तम खेळत होतो म्हणून उत्तम शिकवू, हा समज अनेक चांगल्या खेळाडूंना पहिल्या वर्षातच अडचणीत आणतो, कारण स्वतःच्या अंगात मुरलेली हालचाल शब्दांत कशी सांगायची हे त्यांनी कधी शिकलेलेच नसते, आणि समोरच्याला ती जमत नाही म्हटल्यावर त्यांची चिडचिड सुरू होते.

पहिली भेट

पहिल्या दिवशी लांब भाषण देऊ नये. आपले नाव सांगावे, मुलांची नावे विचारून घ्यावीत आणि ती आठवडाभरात पाठ करावीत. मुले आपल्याला 'सर', 'मॅडम', 'ताई' किंवा 'दादा' म्हणतील आणि तालमीत काम करत असाल तर 'वस्ताद' म्हणतील. त्यातले काहीही चालेल. आपण त्यांना काय म्हणतो, याकडे मात्र अधिक लक्ष हवे. 'ए जाड्या', 'ए चष्मिष', 'ए गावाकडच्या' ही हाक मैदानावर प्रेमानेच मारली जाते, असे मारणारे म्हणतात. ज्याला ती ऐकावी लागते त्याला काय वाटते, ते तो सांगत नाही, कारण त्याला संघात राहायचे असते. नावानेच हाक मारावी, आणि मुलांनी एकमेकांना मारलेली टोपणनावेही पहिल्याच दिवशी थांबवावीत.

नियम तीनच पुरे आहेत: वेळेवर येणे, येता येणार नसेल तर आधी कळवणे, आणि कोणाच्याही चुकीवर न हसणे. प्रत्येक नियम मोडल्यावर नेमके काय होईल हेही त्याच वेळी सांगावे. उशिरा आलेल्याने अंग गरम केल्याशिवाय सरावात उतरायचे नाही आणि त्या दिवशीच्या सामन्यात शेवटी उतरायचे, असे ठरले असेल तर तो आला की हाताने नुसती खूण करायची. त्यावर बोलावे लागत नाही.

आवाज आणि उभे राहण्याची जागा

शिट्टीचे संकेत ठरवून घ्यावेत: एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांबणे, दोन आखूड शिट्ट्या म्हणजे जवळ येणे. मुले जवळ आल्यावर आपण सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. आणि त्यांच्या पाठी रस्त्याकडे किंवा शेजारच्या गटाकडे असाव्यात, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. एवढे केले की साध्या आवाजात बोलले तरी ऐकू जाते. बोलणे मिनिटाभराच्या आत संपवावे. गलका थांबेपर्यंत गप्प उभे राहण्याची सवय सुरुवातीला अवघड वाटते, परंतु दोन आठवड्यांत मुलेच एकमेकांना गप्प करू लागतात.

चूक सुधारताना

प्रशिक्षकाचा कस इथे लागतो, म्हणून या पायरीवर थोडे सविस्तर लिहितो.

रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात वर उल्लेख केलेल्या वूडन यांच्या सरावांना बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. निव्वळ स्तुती सुमारे सात टक्के होती आणि निव्वळ नाराजीही जवळपास तेवढीच. उरलेल्यात बहुतांश, म्हणजे एकूण बोलण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात, खेळाडूला उपयोगी पडेल अशी माहिती होती: काय करायचे, कसे करायचे, कधी करायचे. चूक दाखवण्याची त्यांची एक पद्धतही त्या नोंदीत दिसते. आधी बरोबर कृती करून दाखवायची, मग खेळाडूने जशी केली तशी, आणि लगेच पुन्हा बरोबर. हे सारे काही सेकंदांत आटपायचे आणि सराव पुढे न्यायचा.

कबड्डीतले एक उदाहरण घेऊ. उजव्या कोपऱ्यावरचा मुलगा चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो, पण घाई करतो, आणि पकड सुटते. हे तीन-चार वेळा झाल्यावर कडेवरून हमखास येणारे वाक्य म्हणजे 'अरे, डोकं वापर ना! किती वेळा सांगायचं?' या वाक्यात त्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. त्याला कळते एवढेच की सर चिडले आहेत, आणि पुढच्या चढाईत तो एक तर झेपच घेत नाही किंवा आणखी लवकर घेतो. आता दुसरे वाक्य पाहा: 'त्याचा मागचा पाय उचलला जाईपर्यंत थांब.' बोनस, म्हणजे जादा गुण, घेताना चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून मागचा पाय अधांतरी ठेवावाच लागतो, त्यामुळे त्या क्षणी त्याचे सगळे वजन पुढच्या पायावर असते आणि त्याला माघार घेता येत नाही. बचावपटूने नजर कोठे ठेवायची आणि कशाची वाट पाहायची हे या एका वाक्यात आले. ते बोलायला मोठा आवाज लागत नाही, आणि मुलाला त्यात अपमानही वाटत नाही.

आरडाओरड्याने काम बिघडते याला शरीराचेही कारण आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की सोपे काम शिकताना उत्तेजना वाढली तरी निभावते, परंतु अवघड काम शिकताना ती मध्यम असावी लागते. त्यापुढे गेली की शिकणे मंदावते. खेळाच्या मानसशास्त्रात पुढे हा विचार रुजला आणि मैदानावर त्याचा प्रत्यय रोज येतो. दोरखेच चालू असताना ओरडून जोर भरता येईल. पण नेमबाजी, बॅडमिंटनची सर्व्हिस किंवा कोपऱ्यावरची पकड अशा कौशल्यांत हात थरथरू लागला की सगळे संपले.

आणखी दोन पथ्ये आहेत. एका वेळी एकच चूक सांगावी, कारण तीन सांगितल्या तर एकही सुधारत नाही. तंत्राची चूक सर्वांसमोर सांगितली तरी हरकत नाही, किंबहुना इतरही शिकतात. वागण्यातली चूक मात्र सराव संपल्यावर बाजूला घेऊन, थोडक्यात आणि इतर लोक पाहू शकतील पण ऐकू शकणार नाहीत अशा अंतरावर सांगावी. 'तू उर्मट आहेस' असे म्हणण्यापेक्षा 'आज तू पाण्याची बाटली फेकलीस, ती उचलून ठेव आणि उद्यापासून तसे नको' असे म्हणावे, म्हणजे मुलाला काय बदलायचे ते कळते.

स्तुतीबद्दल एक गैरसमज आपल्याकडे खोलवर आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांनी सांगितले होते की रमाकांत आचरेकर सरांनी इतक्या वर्षांत त्यांना कधीही 'छान खेळलास' असे म्हटले नाही, कारण मुलगा समाधानी होऊन मेहनत सोडेल असे त्यांना वाटे. हे वाक्य अनेक प्रशिक्षकांनी मनाशी धरले. पण त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले होते की सर त्यांना स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत असत. ज्या मुलासाठी सर भर उन्हात स्कूटर घेऊन फिरतात, त्याला सरांच्या मौनाचा अर्थ नीट कळतो. नवे लोक मौन उचलतात आणि स्कूटर विसरतात. तेवढा वेळ देणे शक्य नसेल, आणि बहुतेकांना ते नसतेच, तर चांगल्या कृतीची नेमकी दखल तोंडाने घ्यावी: 'तिसऱ्या चढाईत घाई केली नाहीस, ते चांगले झाले.' उगाच 'मस्त, मस्त' म्हणत राहण्याला मुले आठवड्याभरात किंमत देईनाशी होतात.

शिक्षेबद्दल थोडक्यात. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे, आणि क्लबमध्येही वेगळे वागण्याचे काही कारण नाही. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा अजून सर्रास चालते. तिचा एक तोटा असा की धावणे ही शिक्षा आहे हे मुलांच्या मनावर ठसते, आणि मग दमसास वाढवण्यासाठी धावायला सांगितले की त्यांची तोंडे उतरतात.

संघ निवडताना

शासकीय शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यातल्या यशावर दहावी-बारावीचे वाढीव गुणही अवलंबून असू शकतात, त्यामुळे निवड हा पुण्यातल्या घराघरांत गंभीर विषय असतो. निवड कशावर होणार ते चाचणीपूर्वी सांगावे आणि चाचणीच्या दिवशी नोंद वहीत करावी. यादी फळ्यावर लावून किंवा व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होणे सोयीचे असते, पण ज्यांची नावे नाहीत त्या मुलांना आधी एकेकटे भेटून सांगणे हेच योग्य. त्या भेटीत तीन गोष्टी पुरतात: निर्णय काय, कारण काय, आणि पुढच्या तीन महिन्यांत कशावर काम करायचे. मुलगी रडू लागली तर रडू द्यावे. तिला हसवण्याचा किंवा 'पुढच्या वेळी नक्की' असे खोटे आश्वासन देण्याचा मोह टाळावा.

राखीव खेळाडूंनाही सामन्याच्या दिवशी काम हवे. एकाने समोरच्या संघाच्या चढायांची नोंद ठेवावी, दुसऱ्याने पाण्याकडे आणि वेळेकडे पाहावे. ही कामे खरी असावीत. त्या नोंदी प्रशिक्षकाने मध्यंतरात खरोखर पाहिल्या तरच त्यांना अर्थ आहे.

सामन्याचा दिवस

बालेवाडीला सामना असेल आणि संघ शहराच्या दुसऱ्या टोकाचा असेल तर वाहतुकीचा हिशेब धरून निघावे. धावतपळत पोहोचलेल्या प्रशिक्षकाचा शांतपणा गाडीतच संपलेला असतो. ओळखपत्रे, वयाचे दाखले आणि प्रवेशिका आदल्या रात्री एका पिशवीत घालून ठेवाव्यात. सामन्यापूर्वी नवे काही शिकवू नये. सरावात वापरलेलेच शब्द पुन्हा वापरावेत.

टाइम-आउट हा प्रशिक्षकाच्या वागण्याचा सर्वांत उघडा भाग असतो. कबड्डीत प्रत्येक संघाला प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात आणि त्या वेळी संघाने क्रीडांगण सोडायचे नसते, म्हणजे बोलायचे ते रेषेपाशी आणि सर्वांदेखत. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक सेटला ३० सेकंदांचे दोन मिळतात. बॅडमिंटनमध्ये ११ गुणांवर मिनिटभराची विश्रांती असते. या तीस सेकंदांचा हिशेब आधीच मांडून ठेवावा. पहिली दहा सेकंदे काहीच बोलू नये: मुले धापा टाकत असतात, पाणी पीत असतात आणि त्यांच्या कानात काही शिरत नाही. त्याच वेळात प्रशिक्षकाने स्वतः एक-दोन वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि आवाज खाली येतो. पुढची पंधरा सेकंदे एका सूचनेसाठी, फार तर दोन. उदाहरणार्थ: 'तिघेच उरलो आहोत, अव्वल पकडीची संधी आहे. साखळी सोडू नका, त्याला मध्यरेषेपासून आत येऊ द्या.' (अव्वल पकड म्हणजे तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेली जादा गुणाची पकड.) शेवटची पाच सेकंदे कर्णधाराची. त्याला संघाशी काय बोलायचे ते बोलू द्यावे.

त्या तीस सेकंदांत मागच्या चुकीचा पंचनामा करणारे प्रशिक्षक प्रत्येक स्पर्धेत दिसतात. 'तुला सांगितलं होतं ना, बोनसला जाऊ नको म्हणून!' हे वाक्य खरे असले तरी ज्याला ऐकवायचे तो बाद होऊन बाहेर बसलेला असतो आणि आत असलेल्या तिघांना त्याचा उपयोग नसतो.

पंचांशी वागताना हरकत घेण्याचे काम कर्णधाराकडे द्यावे आणि तेही 'सर' म्हणून, हात मागे ठेवून. नियमपुस्तकातील तरतूद ठाऊक असेल तर लेखी हरकतीचा मार्ग खुला असतो, आणि ती तरतूद ठाऊक नसेल तर ओरडूनही काही साधत नाही. कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्याबाहेर, हे मुलांना तोंडपाठ असते. फुटबॉलमध्ये २०१९ पासून प्रशिक्षकांनाही कार्डे दाखवली जातात, आणि बाकावरून कोण ओरडले ते पंचांना कळले नाही तर कार्ड तिथे हजर असलेल्या ज्येष्ठ प्रशिक्षकाला मिळते. हा नियम मला फार आवडतो. बाकावरच्या सगळ्यांच्या वागण्याचा जबाबदार कोण, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे.

हरल्यावर मैदानावर चर्चा करू नये. प्रतिस्पर्ध्यांशी आणि पंचांशी हस्तांदोलन करावे, सामान आवरावे, सगळ्यांनी खाल्ले की नाही ते पाहावे, आणि कारणमीमांसा पुढच्या सरावापर्यंत राखून ठेवावी.

पालकांशी बोलणे

पालक सरावाला येणे चांगलेच आहे, पण त्यांची जागा ठरलेली असावी आणि तेथून सूचना देऊ नयेत हे हंगामाच्या सुरुवातीला एका बैठकीत सांगावे. दोन माणसांच्या दोन सूचना एकाच वेळी कानावर पडल्या तर मूल थबकते, आणि कबड्डीत थबकलेला खेळाडू बाद होतो, एवढे कारण बहुतेकांना पटते.

व्हॉट्सॲपचा गट फक्त वेळ, ठिकाण आणि बदल कळवण्यासाठी ठेवावा. निवड, खेळण्याची वेळ किंवा दुसऱ्याच्या मुलाबद्दलची तक्रार तेथे येताच एकच ठरलेले उत्तर द्यावे: 'याबद्दल प्रत्यक्ष बोलू. शनिवारी सरावानंतर मी थांबतो.' सामना संपल्यापासून चोवीस तास कोणाशीही खेळाबद्दल वाद घालणार नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवले तर पुढे कोणाला राग येत नाही, कारण ते सर्वांसाठी सारखे असते.

भेटीत पालकांना आधी पूर्ण बोलू द्यावे. समजा एक वडील म्हणाले, 'सर, आमच्या मुलीला तुम्ही मुद्दाम बाहेर बसवता.' यावर लगेच स्वतःचा बचाव सुरू केला तर भेट तिथेच संपते. 'तुम्हाला असे कशावरून वाटले ते सांगा' असे विचारावे, वही उघडून हजेरी आणि चाचणीच्या नोंदी दाखवाव्यात आणि इतर मुलींशी तुलना करण्यास ठाम नकार द्यावा. 'मी फक्त तुमच्या मुलीबद्दल बोलेन' हे वाक्य मऊ आवाजात पण न बदलता दोनदा म्हणावे लागते. मुलगी कळत्या वयाची असेल तर तिलाही त्या भेटीत बसवावे. पुष्कळदा तक्रार वडिलांची असते आणि मुलीचे म्हणणे निराळेच निघते.

आपल्या शहराचा खास प्रश्न म्हणजे दहावी. दिवाळीनंतर सराव बंद करायचा असा निर्णय घरी झालेला असतो आणि प्रशिक्षकाला तो शेवटी कळतो. याला अपमान समजू नये. जून महिन्यातच पालकांना विचारून वर्षाचे वेळापत्रक लिहून घ्यावे आणि आठवड्यातून दोन दिवस तासभर येण्याचा पर्याय समोर ठेवावा; बरेच जण तो घेतात.

मुलांची सुरक्षितता

मर्यादा जपणे हा सन्मानाचा भाग आहे आणि तो कायद्याचाही आहे. पकड शिकवताना हात लावण्यापूर्वी सांगून आणि विचारून लावावा, शक्य तिथे दोन खेळाडूंना एकमेकांवर दाखवायला सांगावे. एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत भेटू नये, रात्री खासगी संदेश पाठवू नयेत, मुलींच्या संघाबरोबर परगावी जाताना महिला व्यवस्थापक असावीच. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले तर आपण चौकशी करत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो मैदानावर दिसेल असा लावावा.

स्वतःचा राग

राग येणार नाही असे गृहीत धरू नये. राहुल द्रविड यांच्याइतके संयमाचे नाव दुसरे नाही, तरीही २०१४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवरचा एक सामना हातातून निसटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली होती, आणि ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांच्या बाबतीत दुर्मीळ होते म्हणूनच. आपल्याला राग येण्यापूर्वी शरीरात काय होते ते ओळखून ठेवावे: कोणाचा जबडा आवळतो, कोणी शिट्टी चावतो, कोणी येरझाऱ्या घालू लागतो. ते चिन्ह दिसले की मुलांना पाणी प्यायला पाठवावे आणि स्वतः मैदानाची एक कड चालून यावे. सहायक असेल तर त्याच्याशी खुणेचा एक शब्द ठरवून ठेवावा, म्हणजे तो सराव दोन मिनिटे हातात घेईल.

तरीही कोणाला लागेल असे बोलून गेलात, तर ज्यांच्यादेखत बोललात त्यांच्यादेखतच माफी मागावी: 'काल मी तुला जे बोललो ते चुकीचे होते.' पुढे 'पण' जोडू नये. अशाने वचक कमी होतो, अशी भीती जुने लोक घालतात. माझा अनुभव तसा नाही.

मैदानावरच्या इतरांशी आपण कसे वागतो हे मुले टिपत असतात. २०१८ मध्ये भारताने १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने संघाचे प्रशिक्षक द्रविड यांना ५० लाख आणि साहाय्यक चमूतल्या प्रत्येकाला २० लाख रुपये जाहीर केले होते. हा फरक त्यांनी अमान्य केला आणि शेवटी सर्वांना सारखे २५ लाख मिळाले. आपल्या पातळीवर हे मैदानावर पाणी मारणाऱ्या काकांपासून सुरू होते. त्यांना नावाने ओळखावे, हंगामाअखेरच्या छायाचित्रात त्यांना उभे करावे आणि मॅट मुलांनीच उचलून ठेवाव्यात.

खेळाडू सोडून जातो तेव्हा

चांगला खेळाडू तयार झाला की मोठ्या संघाकडून किंवा अकादमीकडून त्याला बोलावणे येते, आणि इथे भल्या भल्या शांत प्रशिक्षकांचा तोल ढळतो. ना हरकत पत्र अडवून ठेवणे, 'मी घडवला' असे चारचौघांत सांगत फिरणे, उरलेल्या मुलांसमोर त्याला कृतघ्न म्हणणे, हे सारे सर्रास चालते, आणि मागे राहिलेली मुले त्यावरून स्वतःच्या भविष्याचा अंदाज बांधतात. त्याला बसवून विचारावे की नव्या ठिकाणी शिक्षणाची, राहण्याची आणि दुखापत झाल्यास उपचारांची सोय काय आहे. ती अपुरी वाटली तर पालकांना स्पष्ट सांगावे, पण निर्णय त्यांचा राहू द्यावा. पत्रावर त्याच आठवड्यात सही करावी. आपल्या वहीतली त्याची पाने, म्हणजे जुन्या दुखापती, डाव्या गुडघ्याची तक्रार, उंची-वजनाच्या नोंदी, कोणत्या सूचनेने त्याला लवकर कळते आणि कोणत्या सूचनेने तो बिथरतो, हे सगळे स्वच्छ उतरवून नव्या प्रशिक्षकाकडे पाठवावे, आणि पहिल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला तर तो उचलावा.